तोच वड, दर बुधवारी: प्राथमिक वर्गाला आठवड्यातून एकदा बाहेर कसं न्यावं

दर जूनमध्ये बडोद्याच्या शाळांत काही नव्या बाई आणि नवे सर रुजू होतात. मुलांना वर्गाबाहेर न्यायची बहुतेकांना मनापासून हौस असते. मग एकदा कमाटीबागेची सहल निघते. प्राणी बघून होतात, छोट्या गाडीत बसून होतं, डबे उघडून होतात, आणि पुढे मार्चपर्यंत वर्गाचा उंबरा कुणी ओलांडत नाही. मीही पहिली चार वर्षं अशाच सहली काढल्या. पाचव्या वर्षी तिसरीचा वर्ग घेऊन शाळेपासून पाच मिनिटांवरच्या एका वडाकडे दर बुधवारी जायला लागले. नंतरची अठरा वर्षं वर्ग बदलले, माध्यमही मराठीचं गुजराती झालं, पण बुधवारचा नेम राहिला.

सुरुवात करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत: जागा बदलू नका. नव्या जागी मुलं भिरभिरतात. त्याच जागी सहाव्यांदा गेली की कुणीतरी म्हणतं, "बाई, मागच्या बुधवारी हे इथं नव्हतं." हे वाक्य ऐकू आलं की शिकणं सुरू झालं असं समजा.

पायरी १: जागा शोधा

शाळा सुरू होण्याआधी एका सकाळी एकट्या चालून या. वर्गापासून सात मिनिटांच्या आत पोचता आलं पाहिजे. रस्ता ओलांडावा लागत असेल तर एकदाच, आणि तोही रिक्षा-स्कूटरच्या गर्दीचा नको. सावली हवी, थोडी उघडी माती हवी, एक जुनं झाड हवं, जवळपास नळ असला तर उत्तम. बाकी काही लागत नाही.

झाड निवडायचं झालं तर माझा कौल वडाला. आपल्या शहराचं नावच वडावरून आलं असं मानतात. जुन्या ताम्रपटात या गावाचं नाव 'वटपद्रक' असं येतं. शिवाय वडावर वर्षभर काही ना काही चालू असतं. पारंब्या, फळं, मुंगळे, खारी, पोपट, साळुंक्या. एवढं एका ठिकाणी दुसऱ्या झाडाजवळ सहसा मिळत नाही.

शाळा फतेगंज, सयाजीगंज भागात असेल तर कमाटीबागच तुमची जागा होऊ शकते. ही बाग महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८७९ मध्ये वसवली. मात्र बागेतली एकच जागा धरा. पिंजऱ्यांपासून आणि खेळण्यांपासून लांब.

मांडवी, रावपुरा, दांडिया बाजारातल्या शाळांना अंगण असतं ते बहुतेक फरशीचं. तिथल्या शिक्षकांनी निराश व्हायचं कारण नाही. देवळाचा पार चालतो, सोसायटीची बाग चालते. आणि अगदी काहीच नसेल तर मान वर करून एखादी जुनी भिंत बघा. पडक्या सज्जाला, गच्चीच्या कठड्याला पिंपळ उगवलेला असतोच. तो तिथे कसा आला? कुणी लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही. पक्ष्यानं पिंपळाचं फळ खाल्लं, विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत पडलं, आणि चुन्यातल्या मूठभर ओलाव्यावर रोप तगलं. एका शिक्षिकेनं असल्या भिंतीतल्या पिंपळावर आपल्या वर्गाचं सगळं वर्ष काढलेलं मी पाहिलं आहे. मुलांनी पानं मोजली, मुळं किती लांब गेली ते खडूनं आखलं, भिंतीला नवी चीर पडली तेव्हा तिची तारीखही लिहिली.

पायरी २: परवानगी

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या: दिवस, वेळ, जागा, सोबत कोण. दर आठवड्याला नवा अर्ज करण्यापेक्षा सत्रभराची परवानगी एकदाच मागा. पालकांची चिठ्ठी मराठीत आणि गुजरातीत, दोन्हीत लिहा. आपल्याकडे आई मराठी वाचणारी आणि बाबा गुजराती शाळेत शिकलेले, अशी पुष्कळ घरं आहेत. चिठ्ठीत एक ओळ मुलाच्या तब्येतीसाठी ठेवा: दमा आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, मधमाशी चावली तर सूज जास्त येते का.

"अभ्यास मागे पडेल" ही पालकांची तक्रार येणारच. तिच्यावर वाद घालू नका. पहिल्या पालकसभेत मुलांच्या बुधवारच्या वह्या टेबलावर मांडून ठेवा. वह्या चाळल्यावर माझ्या वर्गातल्या कुणा पालकांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

पायरी ३: मोजणी आणि जोड्या

एका वर्षी परत येऊन हजेरी घेतली तेव्हा एक मुलगी कमी. ती नळावर हात धुत मागे राहिली होती. शाळेतल्या मावशी धावत गेल्या, पाच मिनिटांत ती सापडली, रडतही नव्हती. ती पाच मिनिटं मी अजून विसरलेले नाही. चूक माझी होती: झाडाखालून निघताना मी मुलं मोजली नव्हती.

म्हणून चार वेळा मोजा: फाटकातून निघताना, झाडाजवळ पोचल्यावर, झाडाजवळून निघताना, वर्गात शिरताना. तिसरी मोजणीच सहसा राहून जाते. प्रत्येक मुलाला महिनाभरासाठी एक जोडीदार ठरवून द्या. "जोडी!" म्हटलं की दोघांनी एकमेकांचा हात धरून वर करायचा. ही सवय आधी दोन दिवस वर्गातच घोटून घ्या.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक वर्गासाठी ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण धरलं आहे. भिंतींच्या बाहेर ते पुरत नाही. १५ मुलांमागे एक मोठं माणूस हवं. मावशी, एखादी आजी, सुट्टी असलेले बाबा, कुणीही चालतं. फक्त त्यांना त्यांची १५ मुलं नावानिशी सोपवा. "लक्ष ठेवा हं" एवढं सांगितलं तर कुणाचंच लक्ष राहत नाही.

पायरी ४: पेटी

बडोदे संस्थानात १९१० नंतर फिरती ग्रंथालयं निघाली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या गावोगाव पाठवत. आमच्या वर्गातल्या सामानाच्या खोक्याला मुलांनी त्यावरूनच 'फिरती पेटी' नाव दिलं. ती वाहायचा मान दर आठवड्याला वेगळ्या जोडीला.

पेटीत सुतळीचा गुंडा, शिंप्याची टेप, एक मीटरपट्टी, दोन भिंगं, मेणाचे खडू, बसायला जुनी वर्तमानपत्रं आणि शिट्टी. एका वेगळ्या पिशवीत कापूस, पट्ट्या, जंतुनाशक, पाण्याची बाटली आणि पालकांच्या फोन नंबरांचा कागद. मोबाइल तुमच्याकडे असेलच, पण त्याची बॅटरी संपते. कागदाची संपत नाही. दुर्बीण घ्यायची घाई करू नका. आठ वर्षांच्या मुलाला ती डोळ्यांना नीट लावता येत नाही आणि सगळा तास पाळी येण्याची वाट बघण्यात जातो.

पायरी ५: पहिले तीन बुधवार

इथं सगळ्यांत जास्त जपायला हवं. पहिल्या तीन वेळांत मुलांना जी सवय लागते, तीच वर्षभर टिकते.

*पहिला बुधवार.* फक्त जायचं, बसायचं, यायचं. झाडाखाली वर्तमानपत्रं पसरा, मुलांना डोळे मिटायला सांगा आणि तीन मिनिटं गप्प बसवा. मूठ मिटलेली. नवा आवाज ऐकू आला की एक बोट उघडायचं. तीन मिनिटं फार वाटतात, पण एक मिनिट झालं की खुसखुस थांबते. मग विचारा: कुणाची किती बोटं? कोणकोणते आवाज? भाजीवाल्याची हाळी, स्कूटरचा हॉर्न, खारीची चिकचिक, आपल्याच पोटातला गुरगुराट. यादी वर्गात येऊन फळ्यावर लिहा. त्या दिवशी एवढंच.

*दुसरा बुधवार.* प्रत्येक जोडीनं एक पारंबी निवडायची. ती 'आपली' पारंबी. जमिनीला टेकलेली नको, हाताच्या उंचीवर लोंबणारी हवी. पावसाळ्यात पारंबीचं टोक कोवळं आणि फिकट दिसतं, कारण ते वाढत असतं. टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं, टोकाला हात न लावता, आणि लिहून ठेवायचं. पुढच्या बुधवारी पुन्हा. यातून मुलांना सेंटिमीटर समजतो, वजाबाकी समजते, आणि मुख्य म्हणजे धीर धरायला जमतं. पारंबीला झोके घेणारी मोठी मुलं कधी टोक तोडून टाकतात. मग त्या जोडीचं तोंड उतरतं. तेव्हा समजूत घालायची घाई करू नका. काय झालं ते त्यांनाच वहीत लिहू दे, आणि नवी पारंबी निवडू दे.

*तिसरा बुधवार.* आज प्रश्न. प्रत्येकानं एक विचारायचा. तुम्ही एकाचंही उत्तर द्यायचं नाही. नव्या शिक्षकांना हे सगळ्यांत जड जातं, मलाही जायचं. पण लगेच उत्तर मिळालं की मूल झाडाकडे बघणं सोडून तुमच्या तोंडाकडे बघतं. प्रश्न कागदाच्या पट्ट्यांवर लिहून वर्गात टांगा. उत्तर सापडलं की पट्टीखाली दुसरी पट्टी चिकटवायची.

आमच्या वर्गात दर वर्षी हा एक प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच: "वडाला फळ येतं, मग फूल का येत नाही?" लाल फळं आली की एक खाली पडलेलं फळ घेऊन तुम्ही सुरीनं उभं कापा आणि भिंगाखाली धरा. आत बारीक बारीक फुलांची दाटी दिसते. फूल बाहेर येतच नाही, ते फळाच्या पोटात असतं. तिथं पोचण्यासाठी एक अगदी चिमुकली माशी टोकाच्या भोकातून आत शिरते. परागण तिच्याकडून होतं आणि तिची पिल्लंही तिथंच वाढतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. हे कळल्यावर मुलं पायाखालच्या वडाच्या फळांवर उगाच पाय देत नाहीत, हे मी दर वर्षी पाहत आले.

पायरी ६: बुधवारची वही

साधी, कोऱ्या पानांची. वर तारीख, हवा कशी होती ते एका शब्दात, मग एक चित्र, एक वाक्य, एक प्रश्न. इतकंच, पण दर आठवड्याला.

चित्राचा नियम: समोर आहे तेच काढायचं. मुलांचा हात सवयीनं दोन डोंगरांमधून उगवणाऱ्या सूर्याकडे आणि झोपडीकडे वळतो. म्हणून झाड काढायला सांगू नका, एक पान काढायला सांगा, ते हातात धरून. त्याची शीर कुठून निघते? समोरासमोर की एकाआड एक? कीड कुठं लागली आहे? पिंपळाच्या पानाचं लांब टोक काढताना एक मुलगा म्हणाला, "हे पाणी गळायला केलंय." पाऊस पडत होता आणि तो बघत होता, म्हणून त्याला ते सुचलं.

दुसरीतल्या मुलांना पानाचा ठसा घेऊ द्या: पान उलटं ठेवून वर पातळ कागद, आणि मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हातानं फिरवायचा. वडाचं ताजं पान तोडलं की पांढरा चीक येतो आणि कपड्यांना डाग पडतात, म्हणून पडलेलीच पानं घ्या.

वाक्यातल्या शुद्धलेखनावर लाल शाई फिरवू नका. चुकलेला शब्द शेजारी पेन्सिलीनं बरोबर लिहा, तेवढं पुरे. या वहीला गुण नाहीत, हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगा आणि शब्द पाळा.

पायरी ७: बाकीचे दिवस

बुधवारचा तास एकटा राहिला तर तो सुटीसारखा होतो. गुरुवारी गणिताच्या तासाला बुधवारचे आकडे घ्या. शुक्रवारी भाषेच्या तासाला वहीतलं एक वाक्य वाचून घ्या. सोमवारी पुढच्या बुधवारसाठी एक प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि तो पुसू देऊ नका. तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासात पाणी, झाडं, प्राणी, अन्न, घरं हे विषय असतातच. पुस्तकातला धडा कधी घ्यायचा ते तुमच्या झाडाकडे बघून ठरवा.

भाषेसाठी आमच्याकडचा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत आवडता उपक्रम म्हणजे नावांची भिंत. बडोद्याच्या मराठी मुलांच्या तोंडी अर्धी नावं गुजराती असतात. त्यांना चूक म्हणू नका, दोन्ही लिहा. साळुंकी आणि काबर. खार आणि खिसकोली. सरडा आणि काचिंडो. घार आणि समडी. कडुलिंब आणि लीमडो. मुंगळा आणि मकोडो. खंड्या आणि कलकलियो. घरी जाऊन आजीला विचारायचं, शेजारच्या काकांना विचारायचं. एकदा आमच्या भिंतीवर भांडण झालं: दारासमोरच्या त्या उंच, सरळ झाडाला मराठी घरं 'अशोक' म्हणत होती आणि गुजराती घरं 'आसोपालव'. खरा सीता अशोक वेगळा, त्याला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. तोरणाला ज्याची पानं लावतो तो आसोपालव निराळं झाड. दोन झाडांना एकच नाव पडू शकतं हे मुलांना त्या भांडणातून कळलं.

पायरी ८: कशाला जपायचं

विश्वामित्री नदी पावागढकडून येते आणि शहराच्या मधून, कमाटीबागेतूनही, वाहते. तिच्यात मगरी आहेत. ही सुसरीसारखी लांब चोचीची नव्हे, रुंद तोंडाची मगर, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला सर्वांत वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. मुलांना ती बघायची असते आणि बघू द्यावी, पण पुलावरून, कठड्याच्या अलीकडून. काठावर उतरायचं नाही, कितीही कोरडं दिसत असलं तरी. पूर आला की मगरी वस्तीतही येतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात हे सगळ्या शहरानं पाहिलं. जोराच्या पावसानंतर आठवडाभर नदीजवळच्या जागी वर्ग नेऊ नका, आणि शाळेच्या मागच्या नाल्याजवळही नको.

झाडाखाली बसण्याआधी दर वेळी तुम्ही स्वतः वर बघा. मोठ्या फांद्यांना आग्या मोहोळ लागलेलं असतं. दिसलं तर त्या दिवशी मागे फिरा. केसाळ सुरवंटाला हात नाही. दगड, लाकूड, पाचोळ्याचा ढीग हातानं उचलायचा नाही.

तोंडात काहीही घालायचं नाही, हा नियम सगळ्यांत कडक ठेवा. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया, लाल-काळी गुंज, ही सगळी आपल्याकडे कुंपणाला आणि रस्त्याच्या कडेला सहज सापडतात आणि सगळी विषारी आहेत. गुंजा मुलांना फार सुंदर वाटतात. मुलानं काही गिळल्याचा संशय आला तर घरगुती उपाय न करता १०८ ला फोन करा आणि ते पान किंवा बी सोबत न्या.

मार्चनंतर ऊन चढतं, तेव्हा सकाळचा पहिला तास बुधवारसाठी मागून घ्या. परतल्यावर साबणानं हात, मग डबा.

पायरी ९: वर्षभर काय काय बघायचं

सगळं आधी आखू नका, अर्धं झाड सुचवेल. तरी काही बुधवार हातचे जाऊ देऊ नयेत असे आहेत.

पावसाळ्यात पर्जन्यमापक करा. सरळ भिंतींची प्लॅस्टिकची बाटली घ्या, तिचा वरचा भाग तुम्ही कापा आणि तोच उलटा करून फनेलसारखा बसवा. तळाशी थोडे खडे, त्यावर पाणी ओतून शून्याची रेघ. रोज त्याच वेळी मिलिमीटरमध्ये मोजायचं. पाचवीच्या मुलांना पुढची पायरी द्या: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेची गच्ची १२ मीटर लांब, १० मीटर रुंद असेल आणि २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर गच्चीवर तीन हजार लिटर पाणी आलं. हा आकडा मुलं घरी जाऊन सांगतात. ते पाणी गेलं कुठं, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी आपोआप येतो.

सावली बडोद्याइतकी छान फार थोड्या शहरांत शिकवता येते. आपण कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहोत, त्यामुळे वर्षातून दोनदा, जूनच्या सुरुवातीला आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. जूनच्या सुरुवातीला सुटी असते. जुलैत ढग नसले तर अंगणात काठी रोवा. तीच काठी डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रोवली तर दुपारची सावली जवळजवळ काठीइतकीच लांब पडते. म्हणजे त्या दिवसांत झाडाची उंची काढायला गणितही नको, सावली मोजली की झालं. बाकीच्या महिन्यांत त्रैराशिक: मीटरपट्टीची सावली ८० सेंटिमीटर आणि त्याच वेळी झाडाची ८ मीटर, तर झाड १० मीटर.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे सावली सगळ्यांत लहान होते ती बाराला नव्हे. घड्याळातली भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि बडोदं त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून आपली खरी दुपार साधारण साडेबाराच्या पुढेमागे होते. मुलांना आधी सांगू नका. बारा वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायला लावा आणि सगळ्यांत आखूड कुठली ते त्यांनाच शोधू द्या.

२३ सप्टेंबरच्या आठवड्यात मी वडाखाली गोष्ट सांगते, पाठ घेत नाही. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये इथं नोकरीवर रुजू झाले, पण जातीमुळे त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. २३ सप्टेंबर १९१७ ला ते कमाटीबागेत एका वडाखाली बसले आणि अस्पृश्यता संपवण्याचा निश्चय त्यांनी केला. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. तिसरीतल्या मुलांना हे सरळ शब्दांत सांगता येतं आणि सांगायलाच हवं. ती विचारतात, "जागा का नाही दिली?" उत्तर टाळू नका.

नवरात्रात मुलं गरब्याहून उशिरा झोपलेली असतात. तो बुधवार शांत ठेवा, नुसतं पडून फांद्या बघायच्या.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आदल्या बुधवारी वारा कुठून येतो ते बघा: हातरुमालाची पट्टी काठीला बांधली तरी चालते. १४ जानेवारीनंतरच्या बुधवारी झाडात किती दोरा अडकला आहे ते लांबून मोजा. मांज्याला काचेची धार असते, मुलांनी तो ओढायचा नाही. खाली पडलेला दोरा मोठ्यांनी जाड कापडानं गोळा करायचा. जखमी घार किंवा पारवा दिसला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी पाजायचा आग्रह नको, आणि उत्तरायणात जखमी पक्ष्यांसाठी चालणाऱ्या सरकारी करुणा अभियानाच्या केंद्राकडे द्या. आपल्या झाडावरचा दोरा मोजलेली मुलं पुढच्या वर्षी घरी मोठ्यांशी साध्या दोऱ्यासाठी वाद घालतात, हे मला पालकांनीच येऊन सांगितलं आहे.

पायरी १०: लांबची सहल, पण शेवटी

सत्रभर एक झाड पाहिल्यावरच लांब जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बघायला जा. १८९४ पासून कमाटीबागेत असलेल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. जाण्याआधी मैदानावर चुन्यानं २५ मीटरची रेघ मारा. पूर्ण वाढलेला निळा देवमासा साधारण एवढा होतो. मुलांना एकमेकांचे हात धरून तिच्यावर उभं करा. मग संग्रहालयात जाऊन आतला सांगाडा या रेघेपेक्षा लहान की मोठा, आणि का, एवढंच बघून परत या. बाकीची दालनं पुढच्या वर्षी.

हिवाळ्यात जमलं तर डभोईजवळचं वढवाणा तळं. सयाजीरावांच्या काळात शेतीसाठी बांधलेला हा जलाशय, २०२१ पासून रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली, पाणथळ जागा. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब तिथे उतरतात. सकाळी लवकर पोचा. मुलांना पक्ष्यांची यादी करायला लावू नका. प्रत्येक जोडीनं एकच पक्षी निवडायचा आणि पंधरा मिनिटं तो काय करतो तेच लिहायचं. वडाखाली वर्षभर हेच तर केलेलं असतं, म्हणून त्यांना ते जमतं.

मार्चच्या शेवटच्या बुधवारी जूनमधल्या पारंब्या पुन्हा मोजा. मग सुतळीनं खोडाचा घेर घ्या, त्या मापाला सुतळी कापा, तिला तारखेची आणि वर्गाची चिठ्ठी बांधा आणि पेटीत ठेवा. जूनमध्ये नवा वर्ग आला की पहिल्या बुधवारी, आवाज ऐकून झाल्यावर, ती सुतळी त्यांच्या हातात द्या.